गेट जीआयचं, मग गंज फक्त जोडांनाच कसा? (नेरुळ)

खाडीकाठचा · ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, शेवटी गेटने लिहायला लावलं.

आमचं नेरुळला सिडकोचं जुनं रो हाऊस आहे. आधीचं गेट साधं लोखंडी होतं, खालून कुजून पार चाळणी झालेली, म्हणून मागच्या डिसेंबरात नवीन करून घेतलं आणि गंजाची भानगडच नको म्हणून मुद्दाम जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपात, एमएस म्हणजे साध्या लोखंडापेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. दोन पल्ले मिळून १० फूट, ५० बाय ५० एमएम चौकोनी पाइपाची चौकट, मध्ये उभे २५ बाय २५ चे पाइप, खाली दीड फूट पत्रा, वरून मॅट ग्रे रंग. काम दिसायला एक नंबर, जोड कुठेय ते बोट फिरवूनही कळायचं नाही. शेजारच्यांनी त्याच माणसाचा नंबर घेतला यावरून समजा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तांबूस ओघळ दिसला, वरच्या कोपऱ्याच्या जोडातून. मला वाटलं कावळ्याने काहीतरी घाण केलीय. पुसला तर दोन दिवसांनी परत. आज मोजले, एकूण १९ जोडांतून ओघळ येतायत, आणि गंमत म्हणजे जोडापासून दोन इंच लांब पाइप बघाल तर स्वच्छ, ठिपकासुद्धा नाही.

फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणाला खाडीची हवा आहे साहेब, त्याला कोण काय करणार, सिल्व्हर पेंट मारून देतो येऊन. खरंच हवेचा दोष असेल तर पाइप कसा वाचला? आणि सिल्व्हर मारून थांबेल का हे? जाणकारांनी सांगा, गणपतीत पाहुणे येणारेत त्याआधी काही करता आलं तर बरं.

घोडबंदरकर · ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

सेम टू सेम. आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटचं हेच झालं, कमिटीने दरवर्षी रंग मारायचा ठराव करून टाकलाय. धागा वाचनखुणेत टाकला.

बटाटेभजी · ३ सप्टेंबर, रात्री ११:३०

जीआय म्हणून एमएस गळ्यात मारलं असणार. ठाण्यात काय नि नव्या मुंबईत काय, सगळे सारखेच. फोटो टाका.

टाकेवाला · ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

एमएस असतं तर पाइप पण गंजला असता भाऊ, नुसते जोड कशाला गंजतील. माल जीआयच आहे. मी स्वतः फॅब्रिकेशनमध्ये आहे, वागळे इस्टेटला २२ वर्षं झाली, तेव्हा जरा आमच्या बाजूने पण सांगतो.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त वितळतं ४२० डिग्रीच्या आसपास आणि ९०० च्या थोडं वर गेलं की त्याची वाफच होते. लोखंड वितळायला १५०० लागतात. म्हणजे रॉड टेकवला रे टेकवला की जोडाच्या आजूबाजूचं जस्त आधी उडून जातं, पांढरा धूर निघतो तो तोच. राहतं ते उघडं लोखंड. जीआयचं गेट वेल्डिंग केलं की जोडापुरतं ते एमएसचंच गेट झालं, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

आता साहेब एक काम करा. घरात फ्रीजवर चिकटवायचं पातळ चुंबक असेल ना, जाहिरातीचं वगैरे, ते पाइपावर लावा आणि मग सरकवत जोडावर न्या. काय होतं ते इथे लिहा. मला अंदाज आहे.

खाडीकाठचा · ४ सप्टेंबर, रात्री ९:२०

लावलं. पिझ्झावाल्याचं चुंबक होतं. पाइपावर घट्ट, जोडावर नेलं की गळून पडतं! दोन जोड सोडले तर सगळीकडे हेच. म्हणजे काय समजायचं?

टाकेवाला · ४ सप्टेंबर, रात्री ९:४५

लांबी. जोडावर लांबी भरलीय, चांगली दीड-दोन एमएम. रंगाच्या दुकानात पुट्टी म्हणतात तीच. आता एक जोड जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडा.

खाडीकाठचा · ५ सप्टेंबर, दुपारी ४:१०

खरवडला, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

डाव्या पल्ल्याचा मधला आडवा पाइप जिथे चौकटीला मिळतो तो जोड घेतला. वर ग्रे रंगाचा पापुद्रा, त्याखाली चंदेरी रंग, त्याखाली फिकट पिवळट लांबी. ती बाहेरून कडक वाटत होती पण स्क्रूड्रायव्हर घातल्यावर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आली, आतून ओली. पाऊस तीन दिवस नाहीये हो! तिच्याखाली सपाट घासलेलं काळपट-तांबडं लोखंड आणि चार बाजूंपैकी दोनच बाजूंना वेल्डिंग, तेही सलग नाही, बोटाच्या पेराएवढे दोन-दोन टाके. उरलेल्या दोन बाजूंना सरळ फट. फटीत टाचणी घातली तर आत गेली, आणि पल्ला हलवल्यावर फटीतून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकलं. म्हणजे पाइपाच्या आत पाणी भरलंय.

१९ जोडांत हेच असणार ना?

बटाटेभजी · ५ सप्टेंबर, दुपारी ४:२५

तेच म्हणत होतो मी, चोर आहेत सगळे.

टाकेवाला · ५ सप्टेंबर, रात्री १०:३०

चोर म्हणायला सोपंय. त्याने केलं ते चूकच, फुल वेल्डिंग करायलाच हवं होतं, आठ महिन्यांत पाणी भरलं म्हणजे कामच कच्चं, तिथे मी त्याची बाजू घेत नाही. पण लांबी का भरतात ते ऐका. माझ्याकडे गेट बघायला माणूस येतो तो पहिलं काय करतो माहितीय? जोडावर हात फिरवतो. टाक्याचा उंचवटा हाताला लागला की तोंड वाकडं. म्हणे फिनिशिंग नाही. मग आम्ही काय करतो, ग्राइंडर घेऊन टाका घासून पाइपाच्या लेव्हलला आणतो. घासला की ताकद कमी होते ते सोडा, खरी भानगड वेगळी आहे. जीआयवर वेल्डिंग करताना जस्ताची वाफ टाक्यातून बाहेर येते आणि टाक्यात बारीक बारीक भोकं ठेवून जाते, जाळीच्या पावासारखी. वरून घट्ट दिसतं, घासलं की आतली भोकं उघडी पडतात. मग ती बुजवायला लांबी. लांबीवर सिल्व्हर, सिल्व्हरवर रंग. गिऱ्हाईक खूश, बिल पास. पहिल्या पावसात लांबी पाणी पिते.

मी पण केलंय हे, लपवत नाही. आता विचारून करतो, जोड दिसला तर चालेल का म्हणून. दहातले आठ नाही म्हणतात.

खाडीकाठचा · ५ सप्टेंबर, रात्री ११:१०

खरं सांगू का, मीच त्याला म्हणालो होतो. अर्धवट तयार गेट बघायला गेलो होतो तेव्हा जोडांवर हात फिरवून म्हणालो होतो, हे लागतंय हो हाताला, काढून टाका.

असो. आता करायचं काय ते सांगा.

निळी_शाई · ६ सप्टेंबर, दुपारी १:०५

मी रबाळ्याला कोटिंग इन्स्पेक्शनचं काम करते, बहुतेक टाक्या नि पाइपलाइनी, पण जस्ताचं शास्त्र गेटला वेगळं नसतं म्हणून लिहिते.

आधी हे बघा की तुमचं जीआय नेमकं कुठलं. बाजारात जीआय म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एक, पाइप आधी बनवून मग वितळलेल्या जस्तात, साधारण ४५० डिग्रीला, बुडवलेला. दुसरा जीपी, म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी वाकवून, शिवण वेल्ड करून केलेला. चौकोनी पाइपात दुसराच जास्त चालतो. ओळखायचा कसा, तर पाइपाच्या कापलेल्या तोंडातून आत बॅटरी मारा. आतल्या बाजूला लांबलचक एक तांबडी किंवा काळी रेघ दिसली तर जीपी, कारण शिवणीच्या आतलं जस्त जळून गेलेलं असतं, बाहेरून शिवणीवर जस्त फवारतात पण आतून कोणी फवारत नाही. बुडवलेल्या पाइपाला आतूनही जस्त असतं.

फरक किती? जीपी पत्रा १२० ग्रॅमचा म्हणून घेतलात तर ते १२० ग्रॅम दोन्ही बाजूंचे मिळून असतात चौरस मीटरला, म्हणजे एका बाजूला ६०. एक मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग) जाड जस्त साधारण ७ ग्रॅम धरा, म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन. तोच २ एमएमचा माल बनवून झाल्यावर बुडवला तर आयएसओ १४६१ या जस्ताच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सरासरी ५५ तरी हवेत. म्हणजे खाडीच्या हवेत सहा-सात पट फरक. तुमचा फॅब्रिकेटर हवेबद्दल अगदीच खोटं बोलत नव्हता, पण हवा दोन-तीन वर्षांनी बोलते, तुमचं गेट आठ महिन्यांत बोललं ते लांबीमुळे.

सोनचाफा · ६ सप्टेंबर, दुपारी २:३०

म्हणजे हे भांड्यांना कल्हई करतात तसंच झालं ना? कल्हई उडाली की तांबं उघडं.

निळी_शाई · ६ सप्टेंबर, दुपारी ३:००

छान प्रश्न, पण तसं नाही. कल्हई नुसती चादर आहे, फाटली की खालचं उघडं. जस्त चादर पण आहे आणि राखणदार पण. जस्तावर ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि तेवढं लोखंड वाचवतं. पण हे एक-दोन एमएमच्या ओरखड्यापुरतं. वेल्डिंगच्या जोडाला इंच-इंचभर जस्त गेलेलं असतं, तिथवर शेजारचं जस्त पोचत नाही.

म्हणूनच जोडावर परत जस्तच द्यावं लागतं. झिंक रिच प्रायमर म्हणतात तो, वाळलेल्या थरात बहुतांश जस्ताची पूड असलेला. सिल्व्हर म्हणजे अल्युमिनियमचा रंग, तो दिसतो जस्तासारखा आणि करत काहीच नाही, नुसती चादर. आणि झिंक रिच काम कधी करतो, तर उघड्या स्वच्छ लोखंडाला त्याची पूड थेट चिकटली तरच. रेड ऑक्साइडच्या लाल प्रायमरवर मारला, लांबीवर मारला, गंजावर मारला तर पैसे पाण्यात. लांबी भरायचीच असेल तर झिंकच्या वर भरा, खाली कधीच नाही.

घोडबंदरकर · ६ सप्टेंबर, रात्री ८:५०

कमिटीला हा प्रतिसाद छापून देतो. आमच्याकडे सिल्व्हरचे तीन थर झालेत आत्तापर्यंत.

लोखंडबाजार · ७ सप्टेंबर, सकाळी ११:४०

कळंबोलीत स्टील मार्केटला बसतो, पाइप विकणं हाच धंदा. एवढा काथ्याकूट कशाला? गेट साध्या एमएसमध्ये बनवा, टाके फुल मारा आणि अख्खं गेट तळोज्याला नेऊन जस्तात बुडवून आणा. किलोवर भाव असतो, ५० बाय ५० चा २ एमएम पाइप मीटरला ३ किलोच्या आसपास बसतो, हिशोब करून बघा, जीपीचे जादा पैसे आणि दरवर्षीचा रंग धरलात तर फार लांब नाही पडत. आणि जोडावर पण तेवढंच जस्त.

टाकेवाला · ७ सप्टेंबर, दुपारी १२:३०

बरोबर आहे पण बुडवायला न्यायचं गेट वेगळं बनवावं लागतं दादा, ते पण सांगा ना. पाइपाचं तोंड दोन्हीकडून बंद करून ४५० डिग्रीच्या जस्तात घातलं तर आतल्या हवेला नि पाण्याला जायला जागा नाही, बॉम्बसारखं फुटतं ते. प्रत्येक पाइपाला दोन टोकांना भोकं ठेवावी लागतात, एक वर एक खाली, हवा निघायला आणि जस्त गळून जायला. आणि खालचा पत्रा पातळ असेल तर पापडासारखा वाकून येतो. मी एकदा भाल्याचं गेट पाठवलं होतं, १६ गेजचा पत्रा वेल्ड करून, परत आलं ते बघून गिऱ्हाइकाने गाडीतून उतरवूनच घेतलं नाही. तेव्हापासून पत्रा वेगळा बुडवून नंतर बोल्ट मारतो.

अजून एक. स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमणारी खपली, नीट झाडून न्या. चिपिंग हातोडी आणि वायर ब्रश मारून अगदी कोपऱ्यातला सुद्धा. त्यांच्या ॲसिडच्या टाकीत गंज जातो पण स्लॅग जात नाही, त्यावर जस्त धरत नाही, काळा डाग राहतो.

निळी_शाई · ७ सप्टेंबर, दुपारी १:१५

याला अनुमोदन. भर एवढीच की टाके घासून सपाट केलेत आणि मग बुडवलं तरी टाका परत वर आलेला दिसू शकतो. रॉडमध्ये सिलिकॉन जास्त असेल तर टाक्यावर जस्त जास्त जाड चढतं, पाइपापेक्षा उठून दिसतं. हे कामातली चूक नसते, पण गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खाडीकाठचा, तुमचं तयार गेट मात्र आता बुडवायला नेऊ नका. रंग पूर्ण काढावा लागेल, फटींतून आत ॲसिड जाईल आणि नंतर महिनोन्‌महिने तिथून पाझरत राहील. तुम्हाला दुरुस्तीच करायची आहे.

बटाटेभजी · ७ सप्टेंबर, दुपारी १:४०

आता हे सगळं करणार कोण? त्याच माणसाला बोलावून त्याच्याकडून फुकटात करून घ्या. आठ महिन्यांत गंजलं म्हणजे त्याचीच जबाबदारी.

खाडीकाठचा · ७ सप्टेंबर, रात्री ९:००

बोललो आजच त्याच्याशी, जरा शांतपणे. चुंबकाचा किस्सा सांगितला तर गप्प झाला आधी. मग म्हणाला मजुरी माझी, मटेरियल तुमचं, पण पद्धत तुम्ही सांगाल ती, नंतर मला बोलायचं नाही. मला चालतंय. टाकेवाला दादा आणि निळी_शाई ताई, जरा क्रमाने सांगाल का, म्हणजे प्रिंट काढून त्याच्या हातात देईन.

टाकेवाला · ७ सप्टेंबर, रात्री ११:२०

लिहितो. पहिलं म्हणजे घाई करू नका, गणपतीला गेट जसं आहे तसं राहू दे, पाहुणे जोड बघायला येत नाहीत.

दोन्ही पल्ले बिजागरीवरून उतरवा आणि उलटे करून खालच्या आडव्या पाइपाला टोकांजवळ ६ एमएमची दोन भोकं पाडा, आतलं पाणी काढायला. भोकं नंतर बुजवायची नाहीत, कायम ठेवायची, वर पाणी शिरलंच तर खालून निघून जाईल. पल्ले चार-आठ दिवस उन्हात उभे ठेवा. ओल्या पाइपावर टाका मारलात तर वाफ आतून फुसफुसत येते आणि टाका सडका निघतो.

मग प्रत्येक जोडाची लांबी, रंग सगळं उतरवा. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) मारा, ग्राइंडिंग व्हील नको, ते पाइपच खातं. जोडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच जस्त पण काढून टाका, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. जस्त आधीच काढलं की धूर कमी आणि टाक्यात भोकं पण कमी. बरेच लोक संडासचं ॲसिड लावून जस्त काढतात, ते करू नका, फटीत राहून गेलं की आतून खातं.

वेल्डिंगला ६०१३ रॉड, बारा नंबर, म्हणजे बारीक. दहा नंबर त्याहून जाड, तो २ एमएमच्या पाइपाला भोक पाडेल. चारी बाजूंनी सलग, कुठेही फट नको. सीओटू मशीन (रॉडऐवजी तारेने गॅसमध्ये वेल्डिंग करणारं) असेल तर अजून चांगलं. झालं की स्लॅग झाडा, आजूबाजूचे छर्रे छिन्नीने काढा, आणि टाका घासून सपाट करू नका. वर टोक आलेलं असेल तर तेवढंच मोडा, बाकी टाका टाक्यासारखा दिसू दे.

आणि धुराचं. हे मनावर घ्या. उघड्यावर करायचं, वाऱ्याकडे पाठ करायची नाही, वारा आडवा असेल असं बसायचं, आणि धुराचा मास्क, रुमाल नाही. मी तरुणपणी एका बंद गोडाऊनमध्ये दिवसभर जीआयची रॅक वेल्ड केली. संध्याकाळी तोंडाला गोडसर कडवट चव, पाणी पण गोड लागेना. रात्री अशी थंडी भरली की दोन गोधड्या घेऊन दात वाजत होते. घरच्यांना वाटलं मलेरिया, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर काही नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. उस्ताद हसला, म्हणाला जस्ताचा ताप आहे, सुट्टी घेऊन सोमवारी आलास की जास्त चढतो. तेव्हा गूळ नि दूध द्यायचे, अजून देतात.

निळी_शाई · ८ सप्टेंबर, सकाळी ९:१०

दादा, तो ताप खराच आहे, झिंक ऑक्साइडच्या धुराने येतो, काही तासांनी चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. सोमवारचंही खरं आहे, रोज धुरात असलं की शरीराला थोडी सवय होते आणि सुट्टीत ती मोडते. पण दुधाचं काही खरं नाही. धूर जातो फुफ्फुसात, दूध जातं पोटात. दम लागला किंवा छाती भरली तर दूध पीत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता रंगाचं. वेल्डिंग झाल्यावर जोड आणि आजूबाजूचं गोड्या पाण्याने धुवून घ्या, आपल्याकडे खाडीचं मीठ बसलेलं असतं. कडकडीत वाळलं की वायर ब्रश, मग थिनरचा फडका, आणि त्याच दिवशी झिंक रिच. उद्यावर टाकलंत तर इथल्या हवेत रात्रीतून तांबूस झाक येते. शक्यतो दोन डब्यांचा इपॉक्सी झिंक रिच घ्या. स्प्रेचा डबा सोपा पडतो, पण एका फवाऱ्यात थर अगदीच पातळ बसतो, लोक एक हात मारतात आणि करडं दिसलं की झालं म्हणतात. ब्रशने दोन-तीन हात द्या, एकूण १०० मायक्रॉन तरी व्हायला पाहिजेत. बुडवलेल्या मालाच्या दुरुस्तीला तोच १४६१ एवढंच मागतो. त्यात एक डाग १० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा नको असंही आहे, तुमचा एकेक जोड त्याच्या कितीतरी पट निघेल, पण आपल्याला सर्टिफिकेट थोडंच हवंय.

डबा ढवळत राहा. जस्त पाण्याच्या सात पट जड, पाच मिनिटं ठेवलात की तळाला बसतं आणि तुम्ही वरचं नुसतं तेल फासत बसता.

आणि जिथे जस्त शाबूत आहे त्या पाइपावर साधा ऑइल पेंट थेट मारू नका. त्यातलं तेल नि जस्त मिळून खाली साबणासारखा थर होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो, तुमचा आत्ता सुटला तसा. आधी इपॉक्सी प्रायमर, मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग.

सगळ्यात महत्त्वाचं, हे सप्टेंबरात करू नका. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर हे रंग लावतच नाहीत, आणि आपल्याकडे पावसाळाभर तेच असतं. दसरा होऊ द्या, ऑक्टोबरच्या उन्हात करा.

घोडबंदरकर · ८ सप्टेंबर, सकाळी ९:४५

माझा एक भाबडा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा पावडर कोटिंग केलं तर?

निळी_शाई · ८ सप्टेंबर, सकाळी १०:३०

पावडर पण चादरच. खाली जस्त नसेल तर जोडातून तशीच उठेल, फक्त फुगा जरा मोठा येईल.

सोनचाफा · ८ सप्टेंबर, सकाळी ११:००

आमच्या बाल्कनीच्या ग्रिलवर नवीन असतानाच पांढरी पावडर आलीय, तो पण गंज का? (अवांतर आहे, माफी)

लोखंडबाजार · ८ सप्टेंबर, सकाळी ११:२०

तो पांढरा गंज ताई. पावसात माल एकावर एक रचून ठेवला आणि मध्ये पाणी अडकलं की येतो. कोरड्या ब्रशने झाडा, वारा लागू द्या. वरवरचा असेल तर घाबरायचं कारण नाही.

खाडीकाठचा · २६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

धागा वर काढतोय, राहिलेला हिशोब द्यायला.

पल्ले उतरवले, भोकं पाडली. उजव्या पल्ल्यातून अंदाजे तांब्याभर पाणी निघालं, काळं, गंजाच्या गाळासकट. पाइपाच्या तोंडात बॅटरी मारली तर ताई म्हणाल्या तशी तांबडी रेघ, जीपीच. फॅब्रिकेटर कागद बघून आधी कुरकुरला, फुल वेल्डिंगला दीड दिवस जाईल म्हणाला, गेला पण दीडच दिवस. तो स्वतः मास्क लावायला तयार नव्हता, मी दोन आणून दिले तर एक खिशात ठेवला. शेवटी त्याच्या हाताखालच्या पोराला लावायला लावला, मग त्यानेही लावला.

मजा झाली ती टाक्यांवरून. पहिला कोपरा पूर्ण झाला आणि त्याने सवयीने ग्राइंडर उचलला. मी नको म्हणालो तर माझ्याकडे बघत राहिला, म्हणे साहेब, मागच्या वेळी तुम्हीच तर म्हणाला होता. काय बोलणार. मी म्हटलं, म्हणालो होतो खरं.

एकच पल्ला पूर्ण झालाय. झिंकचे तीन हात, इपॉक्सी प्रायमर, पीयूचे दोन. मधे दोनदा अवकाळी येऊन गेला, ओघळ नाही. जोड अर्थातच दिसतात. आईने बघितलं आणि म्हणाली, ऑपरेशन झाल्यासारखं दिसतंय गेट. शेजारी हात फिरवून गेले, काही बोलले नाहीत, पण त्यांच्याही गेटला तोच माणूस लागला होता ना, परवा फ्रीजचं चुंबक मागायला आले.

टाकेवाला · २६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दिलंत का?

खाडीकाठचा · २६ ऑक्टोबर, रात्री १०:३२

दिलं. अजून परत नाही आलं.

निळी_शाई · २७ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

दुसरा पल्ला कधी घेताय? रविवारी असेल तर सीवूड्सला बहिणीकडे येतेय, मीटर घेऊन येईन, पहिल्या पल्ल्याचे मायक्रॉन मोजून टाकू. कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला ब्रश पोचलाय का ते बघायचंय, तिथेच राहून जातं.

खाडीकाठचा · २७ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

रविवारीच आहे. सकाळी १० नंतर या, दव वाळल्याशिवाय त्याला डबा उघडू देणार नाहीये. पोहे आमच्याकडे.